जुम्मा तलावाकाठची चाती

नागपूरच्या महाल भागातून गांधी गेटच्या बाहेर पडले की थोड्याच अंतरावर गांधीसागर लागतो. गेटचे जुने नाव जुम्मा दरवाजा आणि तलावाचे जुम्मा तलाव. गोंड राजा चांद सुलतानाने हे शहर तटबंदीत वसवले, तेव्हापासून तलाव इथे आहे. पुढे भोसल्यांनी राजधानी थाटली, तटाच्या आत महाल भरत गेला, आणि तलाव वस्तीच्या पश्चिमेची कड होऊन राहिला. या तलावालगतच्या दलदलीत १८७० च्या दशकात गाड्यांमागून गाड्या माती ओतली गेली आणि त्या भरावावर एम्प्रेस मिल उभी राहिली. आज त्या जमिनीवर मॉल आहे. खरेदीला येणाऱ्या माणसाला इथे मिल होती एवढे ठाऊक असते. मात्र जगभर पन्नासेक वर्षे भटकणाऱ्या एका शोधाला इथे काम मिळाले, त्याची कसून परीक्षा झाली आणि त्या परीक्षेने हिंदुस्थानच्या सूतगिरण्यांची चाल बदलली, ही गोष्ट महालातल्या जुन्या घरांतूनही आता फारशी सांगितली जात नाही.

तो शोध म्हणजे रिंग फ्रेमची चाती. तिचा माग काढताना मला सतत एकच गोष्ट दिसत गेली. शोध लागणे हे निम्मेच काम असते. उरलेले निम्मे काम पहिला नमुना जिथे रोजच्या कामाला जुंपला जातो तिथे होते. त्यासाठी कोणीतरी जागा द्यावी लागते, माणूस द्यावा लागतो आणि बिघडलेल्या मालाचा तोटा सोसावा लागतो.

आधी चाती काय करते ते पाहू. सूत कातणे म्हणजे तीन कामे: पेळूतले तंतू ओढून बारीक करायचे, त्यांना पीळ द्यायचा आणि तयार झालेले सूत गुंडाळायचे. चरख्यावर बसलेली बाई ही तिन्ही कामे एकाच चातीवर, पण आळीपाळीने करते. उजव्या हाताने चाक फिरवत डाव्या हातातला पेळू मागे खेचते, धागा लांबतो आणि पीळ खातो. हात पुरता लांब गेला की ती थांबते, चाक किंचित उलटे फिरवते, धागा चातीच्या टोकावरून सोडवते आणि मग हात पुढे आणत सूत चातीवर भरते. ओढ, पीळ, थांबा, भरणी. या थांब्यात बराच वेळ जातो, पण धागा सांभाळला जातो तो याच थांब्यामुळे.

इंग्लंडात यंत्रे आली तेव्हा दोन वाटा फुटल्या. हारग्रीव्ह्जची जेनी आणि तिच्या पुढची, १७७९ मधली क्रॉम्प्टनची म्यूल या बाईच्या हाताची नक्कल होत्या. म्यूलमध्ये शेकडो चात्या बसवलेला गाडा पाच-पाच फूट बाहेर यायचा, धागा ओढायचा, पिळायचा, थांबायचा आणि आत जाताना सूत गुंडाळायचा. सूत मऊ आणि बारीक यायचे, पण गाड्यावर मुरलेला कारागीर लागायचा. दुसरी वाट आर्कराइटच्या १७६९ च्या पाणचक्कीवरच्या यंत्राची. त्यात धागा थांबत नसे. रुळांमधून ओढला जाऊन सतत पिळला आणि गुंडाळला जाई. याच यंत्राची सुधारलेली आवृत्ती म्हणजे थ्रॉसल. तिच्या चातीवर एक जड लोखंडी पंखा बसवलेला असे आणि तो पंखाच वेगाच्या आड येई. फेरे वाढवले की पंख थरथरायचे आणि धागा तुटायचा.

१८२८ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात जॉन थॉर्प याने हा पंखाच काढून टाकला. त्याच्या जागी चातीभोवती एक स्थिर कडे, म्हणजे रिंग, आले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या दोघांनी त्या कड्यावर घसरत फिरणाऱ्या इवल्याशा तारेच्या आकड्याचे पेटंट घेतले. त्याला ट्रॅव्हलर म्हणतात. धागा या आकड्यातून ओवलेला असतो. चाती फिरते तशी ती धाग्याच्या ओढीने आकड्याला कड्यावर पळवते, पण आकडा घर्षणामुळे तिच्यापेक्षा जरासा मागे राहतो. आकड्याच्या प्रत्येक फेऱ्याने धाग्याला पीळ बसतो आणि जेवढा तो मागे राहतो तेवढेच सूत बॉबिनवर गुंडाळले जाते. ओढ, पीळ आणि भरणी एकाच वेळी, न थांबता. यंत्रशास्त्रात इतक्या कमी सामानात इतके काम करणारी रचना क्वचित सापडते. गुंजभर वजनाचा एक आकडा हे सगळे सांभाळतो.

तरीही रिंग चालली नाही, निदान लवकर चालली नाही. चाती जड होती आणि जोरात फिरवली की डगमगायची. १८७१ मध्ये सॉयर याने हलकी चाती काढली आणि १८७८ मध्ये रॅबेथ याने तिला तेलात बुडालेल्या, किंचित हलू देणाऱ्या बैठकीत बसवले. भोवरा जसा सुरुवातीला डुलतो आणि मग आपला मध्य आपणच शोधून स्थिर होतो, तशी ही चाती वेगात गेली की स्थिर व्हायची. म्हणजे थॉर्पची कल्पना पुरती वापरण्याजोगी व्हायला पन्नास वर्षे गेली. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मात्र म्यूलच पुरेशी वाटत होती. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले म्यूलचे कारागीर होते, बारीक सुताची बाजारपेठ होती आणि नवे यंत्र घेण्याची निकड नव्हती. १९१३ पर्यंतही तिथल्या बहुतेक चात्या म्यूलच्याच होत्या.

इकडे नागपुरात काय चालले होते? १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. महालातल्या दरबाराबरोबर दरबारी कापडाचे गिऱ्हाईकही आटले. कोष्ट्यांचे माग शहरात होतेच. धोतरे, पागोटी, लुगडी विणली जात होती आणि चांद्याकडचे हातसूत इतके तलम असे की इंग्रज अधिकाऱ्यांनीही त्याची नोंद घेतली. १८६५ च्या डिसेंबरात मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल याच्या कारकिर्दीत नागपुरात कला-कारागिरीचे आणि शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरले. अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच संपले होते. त्या युद्धात अमेरिकेचा कापूस तुटल्यामुळे मँचेस्टरला वऱ्हाडच्या कापसाची चटक लागली होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मध्य प्रांत-वऱ्हाडचा कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नॅक याने आपल्या अहवालांत उघडपणे लिहिले की रेल्वे वाढली की इंग्रजी कापड देशी कापडाला बाजारातून उठवील, विणकर शेतीकडे वळतील आणि कापसाखालची जमीन वाढेल. त्याला ती प्रगती वाटत होती. कापूस इथे पिकायचा, हिंगणघाटचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात चांगल्या मालासाठी घेतले जायचे, आणि सूत मात्र साता समुद्रांपलीकडे कातले जायचे.

जमशेटजी टाटांनी हा हिशेब उलटा मांडला. मुंबईत चिंचपोकळीला एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन त्यांनी तिची कापड गिरणी केली होती आणि दोनेक वर्षांत ती विकूनही टाकली होती. मग लँकेशायरला जाऊन धंदा बारकाईने पाहिला. मुंबईतल्या इतरांप्रमाणे बंदराजवळ गिरणी बांधण्याऐवजी कापूस जिथे पिकतो, कोळसा जवळ आहे, रेल्वे आहे आणि गिऱ्हाईक हातमागावर बसलेले आहे तिथे गिरणी काढायची, असे त्यांनी ठरवले. वरोऱ्याला कोळसा निघू लागला होता. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलाने कंपनी नोंदली गेली: सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. एका स्थानिक सावकाराने पैसे द्यायला नकार दिला होता. खड्ड्यात माती भरायला सोने ओतणाऱ्या माणसाला कशाला द्यायचे, असे त्याचे म्हणणे. पुढे त्यानेच कबूल केले की टाटांनी मातीच ओतली आणि सोने काढले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि एम्प्रेस हे नाव तिला मिळाले.

पण सुरुवात काही फार झळाळती नव्हती. काटकसर म्हणून आणलेली पहिली यंत्रसामग्री सामान्य प्रतीची होती. म्यूल आणि थ्रॉसल मिळून तीस हजारांच्या आसपास चात्या आणि साडेचारशे माग. सूत तुटायचे, यंत्रे बिघडायची. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की कापसाच्या तंतूंतला ओलावा उडून जातो, ते परस्परांना धरत नाहीत आणि धाग्यामागून धागा तुटत जातो. मँचेस्टरच्या ओलसर हवेत तयार झालेल्या यंत्राला वैशाखातले नागपूर परके होते. इथला देशी कापूसही आखूड धाग्याचा. त्याला जास्त पीळ लागतो. लोकही परके. आसपासच्या खेड्यांतून आणि शहरातून आलेली ही माणसे गिरणीच्या भोंग्यावर जगायला अजून शिकत होती. सणावाराला, पेरणीला, लग्नाला ती जात आणि चात्या उभ्या राहत.

हे सगळे ज्यांच्या गळ्यात पडले ते व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आले होते. गिरणीचा अनुभव शून्य. जमशेटजींनी त्यांना निवडले ते माणूस म्हणून. जोडीला लँकेशायरहून जेम्स ब्रुक्सबी आणला, तो यंत्रांतला जाणकार. एकाला माणसे कळत होती, दुसऱ्याला यंत्रे. या जोडीने आधी वाईट यंत्रे काढून चांगली बसवली. मग हवेत ओलावा सोडणारी व्यवस्था आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवले; हिंदुस्थानातल्या गिरण्यांत या दोन्ही गोष्टी फार लवकर करणाऱ्यांत एम्प्रेसचे नाव घेतले जाते. माणसे टिकावीत म्हणून हजेरीवर बक्षिसे ठेवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा फंड आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. नव्या यंत्राच्या गोष्टीत हे कशाला, असे वाटेल. पण नमुना चालवून बघायचा तर रोज तोच माणूस त्याच यंत्रावर लागतो. आज हा, उद्या तो असे असेल तर दोष यंत्राचा की हाताचा, ते कधीच कळत नाही. यंत्राची परीक्षा घेता येईल असे माणसांचे घर आधी बांधावे लागते, आणि बेझनजींनी ते बांधले.

मग आली रिंग. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुक्सबीच्या सांगण्यावरून जमशेटजींनी मोजक्याच रिंग फ्रेम मागवल्या आणि एम्प्रेसच्या कातण खात्यात उभ्या केल्या. लँकेशायरच्या जाणत्यांना या यंत्रावर विश्वास नव्हता. मुंबईच्या गिरणीवाल्यांचे डोळे लँकेशायरकडे लागलेले, त्यामुळे त्यांनाही नव्हता. इथे मात्र तेच यंत्र वऱ्हाडच्या आखूड कापसावर, नागपूरच्या उकाड्यात, इथल्याच माणसांच्या हाताखाली महिन्यामागून महिने चालवले गेले. फेरे एकदम न वाढवता टप्प्याटप्प्याने वाढवले. कुठल्या वेगाला धागा तुटतो, कुठल्या वजनाचा आकडा बसवला तर तुटत नाही, बैठक कधी तापते, तेल किती लागते, हे सगळे पाहिले गेले. आकड्याचे वजन हा तर या यंत्राचा जीव आहे. हलका पडला तर सूत ढिले गुंडाळले जाते, जड झाला तर धाग्यावर ताण येतो. प्रत्येक नंबरच्या, म्हणजे जाडीच्या, सुताला वेगळा आकडा लागतो आणि त्याचे कोष्टक तालमीतच तयार होते.

निकाल स्पष्ट होता. जाड आणि मध्यम सुतात रिंगने थ्रॉसलला मागे टाकले, आणि म्यूलचा मुरलेला कारागीर जे काम करायचा ते थोड्या सरावाने नवा माणूस करू लागला. कारागिरांची वानवा असलेल्या शहरात ही फार मोठी गोष्ट होती. जमशेटजींचे चरित्रकार फ्रँक हॅरिस यांनी पुढचा प्रसंग नोंदवला आहे. इथल्या अनुभवावरून टाटांनी ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडे, म्हणजे त्या काळच्या सर्वांत बड्या यंत्रकारांकडे, रिंग फ्रेमसाठी विचारणा केली. त्यांनी ती बनवायला नकार दिला. तेव्हा काम ब्रुक्स अँड डॉक्सी या कंपनीकडे गेले. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या रिंगवर आल्या आणि जपाननेही म्यूल टाकून हेच यंत्र धरले.

एम्प्रेस मिलबद्दल आपण बोलतो ते टाटांच्या उद्योगाचा पाया म्हणून, कामगारांच्या संपांच्या आठवणींतून, किंवा बंद पडलेल्या गिरणीच्या हळहळीतून. ते सगळे खरे आहे. मला मात्र इथली सर्वांत मोठी कामगिरी रिंगची ही तालीम वाटते. शोध थॉर्पचा, चाती रॅबेथची, लोखंड इंग्लंडचे. पण हे यंत्र उष्ण देशात, आखूड कापसावर, नवशिक्या हातांत चालते, हे सिद्ध झाले ते जुम्मा तलावाच्या काठी. तालमीचा खर्च भागधारकांच्या पैशातून झाला, वाया गेलेले सूत गिरणीने सोसले, आणि त्यातून निघालेले ज्ञान सगळ्या देशाने वापरले.

ज्याला असा गिरणीचा मजला मिळत नाही त्याचे काय होते, हे शंकर आबाजी भिसे यांच्या आयुष्यात दिसते. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा मराठी संशोधक छपाईचे खिळे ओतणारे यंत्र डोक्यात घेऊन लंडनला गेला. दादाभाई नौरोजींनी त्यांना हात दिला, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी पैसा घातला, कंपनी निघाली. नमुन्यामागून नमुने तयार झाले, काही फार वाखाणलेही गेले. पण प्रत्येक नमुना परक्या कारखान्यात, परक्या भाड्याने, परक्या कारागिरांच्या हातून घडवावा लागे, आणि एकेका सुधारणेत वर्षे नि भांडवल दोन्ही सरत. पहिले महायुद्ध आले, लंडनचा डाव मोडला आणि भिसे न्यूयॉर्कला गेले. तिथेच १९३५ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावावर चाळीसच्या आसपास पेटंटे सांगितली जातात. बुद्धी कमी पडली असे कोणी म्हणू शकणार नाही. कमी पडली ती घरची तालीम.

चातीचा माग इथून पुढे गिरणीबाहेर पडतो आणि नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याला लागतो.

१९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. चरखा घरोघर न्यायचा होता, पण जुन्या चरख्यावर दिवसभर कातून बाईच्या हाती चार पैसे पडत. गांधीजींना हे पुरते कळत होते. साबरमतीला मगनलाल गांधी चरख्याच्या चाकावर, माळेवर आणि चातीच्या जाडीवर प्रयोग करत होते. ते १९२८ मध्ये अचानक गेले. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. स्पर्धा साऱ्या जगाला खुली होती. त्या काळी एक लाख म्हणजे काय रक्कम, हे सांगायला नको.

या बक्षिसाच्या अटी मी फार आदराने वाचतो. यंत्र हलके हवे, खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे. बाईला ते फार न थकता सलग आठ तास चालवता यावे. त्या आठ तासांत ठरलेल्या लांबीचे, १२ ते २० नंबरचे सूत निघावे. किंमत १५० रुपयांवर जाऊ नये. नीट निगा राखली तर वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस मिळाले तर हक्क चरखा संघाचे. आज एखाद्या तंत्रशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांना यंत्राचा आराखडा करायला सांगताना इतक्या नेमक्या अटी क्वचितच घातल्या जातात. कोण वापरणार, कुठे वापरणार, किती थकणार, कोण दुरुस्त करणार, किती वर्षे पुरणार: हे सगळे आधी ठरवले आणि मग शोधकाला हाक घातली.

यंत्रे आली. त्यांतले लक्षात राहणारे मराठी नाव काळे यांचे. त्यांच्या यंत्रामागे किर्लोस्करांचा कारखाना उभा होता. लोखंडी नांगराच्या पहिल्या नमुन्यांना गिऱ्हाईक मिळेपर्यंत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुष्कळ सोसले होते. नमुना बनवण्यातली उरस्फोड त्यांच्याइतकी कोणाला कळणार? काळ्यांच्या यंत्राची पुष्कळ चाचणी झाली. पण लाखाचे बक्षीस कोणालाही मिळाले नाही. सुताच्या अटी पुऱ्या करणारे यंत्र झोपडीत सांभाळायला अवघड होते, आणि झोपडीत सांभाळता येणारे यंत्र त्या अटी पुऱ्या करत नव्हते. परीक्षकांनी अटी सैल केल्या नाहीत, ही गोष्ट मला त्या बक्षिसापेक्षाही मोठी वाटते.

दरम्यान खुद्द गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात एका लहान पेटीत मावणारा चरखा घडवत होते. त्यात दोन चाके. मोठे लहानाला फिरवते आणि लहान चातीला, म्हणजे थोड्या जागेत वेग वाढतो. हाच येरवडा चक्र नावाचा पेटी चरखा. प्रभुदास गांधींनी पायाने चालणारा आणि दोन चात्यांचा चरखा काढला, त्याला मगनलालांचे नाव दिले. १९३२ मध्ये तुरुंगात हात दुखू लागला तेव्हा गांधीजी हा मगन चरखा शिकायला बसले. वय ६२. दोन्ही हात मोकळे ठेवून दोन धागे एकदम सांभाळायचे, पाय तिसऱ्याच लयीत. ते सुरुवातीला जमत नव्हते, तरी त्यांनी सोडले नाही. शोध लावणाऱ्याला वापरणारा असा मिळावा.

१९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले. जमनालाल बजाजांनी आपली बाग दिली, तिचे नाव मगनवाडी झाले आणि तिथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पांनी उभारले. तेलघाणी, कागद, गूळ, खाद्यतेलावर जळणारा मगनदीप: एकामागून एक नमुने त्या आवारात तयार झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. नागपूरहून दोन तासांत तिथे जाता येते. महालातल्या शाळांनी मुलांना सहलीला तिथे न्यावे, असे मला मनापासून वाटते. चरख्यांच्या घराण्याची एवढी नीट मांडणी जवळपास दुसरीकडे नाही.

स्वातंत्र्यानंतर चाती पुन्हा वळली, आणि या मागोव्यातले सर्वांत महत्त्वाचे वळण हेच. १९४९ च्या सुमारास तमिळनाडूतल्या एकांबरनाथन यांनी जो चरखा केला त्यात जुन्या चरख्याचा थांबाच नव्हता. धागा रुळांमधून ओढला जायचा, कड्यावर आकडा फिरायचा आणि सूत सतत भरले जायचे. म्हणजे थॉर्पची रिंग, हाताने फिरवायची आणि घरात मावेल एवढी केलेली. अहमदाबादच्या प्रयोग समितीत त्यावर काम झाले आणि चार चात्यांचा अंबर चरखा तयार झाला. जी चाती १८८० च्या दशकात जुम्मा तलावाकाठी तालमीला उतरली होती, तिचीच ही घरगुती नात. १९५५ मध्ये पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या समितीने कापडाची वाढती गरज हातमागाने भागवण्याची शिफारस केली, तेव्हा त्या मागांना सूत पुरवण्याची आशा या अंबरवर होती. १९५६ मध्ये सरकारने अंबरची वेगळी चौकशी समितीही नेमली.

पण अंबर जेवढ्या वेगाने वाटला गेला तेवढ्या सबुरीने तपासला गेला नाही. रिंगचे सारे गुण सुट्या भागांच्या अचूकतेत असतात. कडे किंचित वाकडे असले, रूळ जरा झिजला, आकड्याचे वजन चुकले, की धागा तुटलाच. प्रयोगशाळेतला नमुना जाणत्या हातांत उत्तम चालला. गावोगावच्या कारखान्यांत घडलेले भाग तितके अचूक नव्हते, आणि झोपडीत दुरुस्त करणारा कोणी नव्हता. अनेक ठिकाणी अंबर कोपऱ्यात पडून राहिले. एम्प्रेसमध्ये जे झाले ते इथे झाले नाही: त्याच कापसावर, त्याच उकाड्यात, त्याच माणसांच्या हातांत दीर्घकाळ तालीम, आणि मगच विस्तार. १९२९ च्या अटींत दुरुस्तीचे पाच टक्के कशासाठी घातले होते, ते इथे कळते.

मगनवाडीत काम थांबलेले नाही. तिथल्या संशोधन संस्थेचे आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थान झाले आहे आणि सौर ऊर्जेवर चालणाऱ्या चरख्यावर तिथे प्रयोग झाले आहेत. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या सुरुवातीला कायमची बंद झाली. आजच्या गिरण्यांत रिंगची चाती मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते. तिचे तत्त्व थॉर्पच्याच कड्याचे आहे.

आज नागपुरात कोणाच्या डोक्यात नवे यंत्र असेल तर त्याच्या हाताशी पूर्वी नव्हत्या अशा पुष्कळ गोष्टी आहेत. जगभरच्या पेटंटांची माहिती शोधून देणारी केंद्र सरकारची व्यवस्था १९८० पासून याच शहरात आहे. आपली कल्पना आधी कोणी केली आहे का, हे पाहायला मुंबई-दिल्लीला जावे लागत नाही. कायद्याप्रमाणे आधी तात्पुरता अर्ज दाखल करून बारा महिन्यांत पूर्ण तपशील देता येतो. म्हणजे नमुना घडवायला एक वर्ष हातात राहते. लेथवर एकच नग कातून देणारे, पत्रा वाकवून देणारे, साचा ओतून देणारे कारागीर शहरात आहेत. संगणकावर काढलेला भाग थरावर थर चढवून काही तासांत हातात देणारी यंत्रे महाविद्यालयांत आली आहेत. पहिला नमुना उभा करणे आज जमशेटजींच्या काळापेक्षा कितीतरी सोपे आहे.

अवघड आहे ते पुढचे. तो नमुना खऱ्या कामावर, खऱ्या मालावर, महिनोन्‌महिने चालवून देणारी जागा मिळत नाही. तरुण मुले नमुना स्पर्धेत मांडतात, चषक मिळवतात आणि यंत्र महाविद्यालयाच्या कपाटात जाते. शेतावर एक हंगाम, गिरणीत एक उन्हाळा, गोदामात एक पावसाळा, एवढी तालीम त्याला मिळाली असती तर त्यातले काही टिकले असते, आणि जे टिकले नसते त्यांचे दोष तरी कळले असते.

म्हणून हिंगणा, बुटीबोरी आणि कामठी रोडवरच्या कारखानदारांना, विदर्भातल्या जिनिंग मालकांना आणि सूतगिरण्यांच्या संचालकांना एवढेच सांगणे आहे: आपल्या मजल्यावर एका यंत्राची जागा आणि एक जाणता कामगार वर्षभरासाठी नव्या नमुन्याला द्या, त्यात बिघडलेल्या मालाचा खर्च तालमीचा म्हणून खात्यावर मांडा, आणि काय तुटले, कधी तुटले, का तुटले याची वही त्या मुलाच्या हातात ठेवा.